तारा, टॉवर आणि पाखरं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नाथसागरला (पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी) येणाऱ्या हिवाळी पाहुण्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी पक्ष्यांपेक्षा त्यांना मारणाऱ्या विजेच्या तारांबद्दलच आहेत. बरं झालं, हा विषय तसा कुणी काढत नाही. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत. पत्रं लांब होती, कापून घेतली आहेत, राग नसावा.

प्रश्न: आमचं रान पैठण तालुक्यात, बॅकवॉटरला लागून. थंडीत धुकं पडलं की सकाळी हरभऱ्यात टॉवरलाईनखाली करकोचे मरून पडलेले सापडतात. गावात सगळे म्हणतात शॉक लागला, पण पंख कुठंच जळालेले नसतात. पोरगा म्हणतो तारेला जुन्या सीडी बांधू, चमकल्या की पक्षी लांबून जातील. बांधू का?

शेवटचं आधी सांगतो. नाही. सीडी नाही, चमकी नाही, प्लास्टिकची बाटली नाही, दोरी फेकून काहीही नाही. मोठ्या टॉवरची लाईन १३२ किंवा २२० केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) असते आणि तिथं तारेला हात लागायची गरजच नसते, दवानं ओला झालेला दोरा किंवा बांबू नुसता जवळ गेला तरी वीज उडी मारून येते. पोराला आजच सांगा.

आता करकोच्यांचं. शॉक नाही हो तो, धडक आहे. जळाल्याची खूण नाही, पंख मोडलेला, मान मोडलेली किंवा छातीवर खरचटलेलं असं दिसलं की समजायचं उडता उडता तारेवर आदळला. या मोठ्या लाईनला तारांमध्ये कित्येक फुटांचं अंतर असतं, त्यामुळं एवढ्या पक्ष्याचे दोन्ही पंख एकदम दोन तारांना लागणं जवळजवळ होतच नाही. त्यात करंट चालू होता का बंद, यानं काही फरक पडत नाही, बंद पडलेली जुनी लाईनसुद्धा तितकेच पक्षी मारते.

बहुतेक वेळा पक्षी आदळतो तो ज्या तारेत वीजच नसते तिच्यावर. टॉवरच्या अगदी शेंड्यावरून एक किंवा दोन बारीक तारा जातात बघा, ती अर्थ वायर, आभाळातली वीज पडली तर झेलायला लावलेली. खालच्या वीजवाहक तारा जाड असतात, मोठ्या लाईनला तर दोन-दोन एकत्र, त्या पक्ष्याला शेवटच्या क्षणी का होईना दिसतात. मग तो काय करतो, वर उचलतो. आणि वर ही बारीक तार, करड्या आभाळावर करडी. अंधारात अंगणातनं जाताना कपडे वाळत घालायची तार गळ्याला लागते ना, तेच, फक्त हे तासाला चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात.

तुम्ही म्हणाल पाखराची नजर एवढी तेज, मग दिसत कसं नाही. नजर तेज आहे पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोर दोन्ही डोळ्यांना मिळून दिसतो तो पट्टा अगदी अरुंद. शिवाय उडताना करकोचा खाली बघत असतो, कुठं पेरलंय, कुठं आपला थवा उतरलाय, त्यासाठी मान जरा खाली घातली की जायच्या दिशेला त्याला दिसतच नाही. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये कोरी बस्टर्ड (आपल्या माळढोकाचा आफ्रिकेतला भाऊबंद), निळा करकोचा आणि पांढरा बलाक यांच्या नजरेचा नकाशा काढला होता, त्यात बस्टर्ड आणि करकोच्याचं हेच निघालं. मोकळ्या आभाळात समोर काही आडवं येईल हे लाखो वर्षांत त्यांना कधी लागलंच नव्हतं, तारा आल्या त्या परवा.

दुसरं वजन. कांड्या करकोचा दोन-तीन किलोचा, पट्टकादंब (हिवाळ्यात येणारा हंस) तेवढाच, माळढोकाचा नर तर पंधरा किलोपर्यंत. अंग जड, त्यामुळं बगळ्यासारखं पटकन वळता येत नाही, तार दिसली तरी थांबता येत नाही. आणि तिसरं तुमच्या रानाची जागा. रात्री पाण्यात मुक्काम, पहाटे हरभऱ्यात आणि ज्वारीत चरायला, संध्याकाळी परत. म्हणजे रोज दोनदा, दोन्ही वेळा उजेड कमी असताना, तीच लाईन ओलांडायची. त्यात धुकं. हीच लाईन पाण्यापासून पाच-सात किलोमीटर आत असती तर कदाचित एकही पक्षी मेला नसता.

प्रश्न: तारेवर पारवे रांगेत बसतात त्यांना काही होत नाही, आणि आमच्या गावात (पाटोदा तालुका) डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) बसलेला मोर जागेवर मेला. असं का? — दहावीतला वाचक

छान प्रश्न. करंटला जायला वाट लागते. पारव्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांमध्ये विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक नाही, मग त्याच्या अंगातनं वीज जाईल कशाला. पण एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसऱ्या तारेला लागला, किंवा पाय लोखंडी क्रॉस आर्मवर (खांबावरच्या आडव्या पट्टीवर) आणि पंख तारेला, की वाट झाली. ११ केव्हीच्या खांबावर तारांमधलं अंतर साधारण मीटरभर, कुठं त्याहून कमी. चित्रबलाकाचे पंख दीड मीटरचे, मोठ्या गरुडाचे दोन मीटरला जातात, मोराचं तर अंगच लांब. डीपीवर आणखी वाईट, सगळे जंप (जोडणीच्या छोट्या तारा) उघडे आणि जवळ जवळ, आणि मोराला संध्याकाळी उंच जागा हवीच असते.

म्हणजे हा प्रकार वेगळा, पहिल्या पत्रातला वेगळा, आणि इलाजही वेगळे. धडकेला तार दिसायला हवी. शॉकला तार झाकायला हवी: जंपवर इन्सुलेशनची नळी, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर (जिथं तार आत जाते त्या चिनी मातीच्या खुंटांवर) टोप्या, जिथं जमेल तिथं उघड्या तारांऐवजी एरियल बंच केबल (इन्सुलेशन घालून एकत्र पिळलेल्या तारा). खर्च फार नाही आणि वायरमनलाही हे पटतं, कारण मोर मेला की फ्यूज पण गेलेला असतो आणि रात्री पोलवर त्यालाच चढावं लागतं. नायगावचं मयूर अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, तर शाळेतर्फे आजूबाजूच्या उघड्या डीपींची यादी करून गुरुजींच्या सहीनं महावितरणला अर्ज द्या. लांबून बघून यादी करायची, डीपीच्या ओट्यावर चढून नाही!

प्रश्न: तारांना लाल-पिवळ्या फिरक्या लावतात त्यानं खरंच फरक पडतो का ठेकेदाराचं बिल निघण्यापुरतंच असतं? — एक वाचक, धाराशिव

दोन्ही. खरंच सांगतो.

त्यांना बर्ड डायव्हर्टर किंवा नुसतं मार्कर म्हणतात. एक प्रकार नुसती प्लास्टिकची स्प्रिंगसारखी गुंडाळी, तारेची जाडी डोळ्याला वाढवते. दुसरा लोंबकळणारी पाटी, वाऱ्यानं फिरते, उन्हात चमकते, काहींवर रात्री थोडा वेळ उजळणारा पट्टा असतो. जगभरात झालेल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१९ मध्ये काढला गेला तेव्हा मार्कर लावलेल्या लाईनवर धडका साधारण निम्म्यावर आलेल्या दिसल्या. निम्म्या म्हणजे काही कमी नाही. पण सरासरी फसवी असते. दक्षिण आफ्रिकेत कारू नावाचा कोरडा माळ आहे, तिथल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल २०२१ ला आले, निळ्या करकोच्यांचं मरण मार्करमुळं ९२ टक्क्यांनी घटलं, आणि त्याच तारांवर बस्टर्डच्या मरणात काहीच फरक पडला नाही. काहीच नाही. खाली बघत उडणाऱ्या बस्टर्डला समोर कितीही रंगीत फिरकी लावा, त्याला बहुधा ती दिसत नाही, करकोच्याला मात्र दिसत असावी.

म्हणून नाथसागरच्या करकोच्यांसाठी मी मार्करच्या बाजूनं आहे आणि माळढोकासाठी मार्करवर भरवसा ठेवायला तयार नाही.

राहिला बिलाचा प्रश्न. मार्कर कुठं लावलेत ते बघा. अर्थ वायर सोडून खालच्या तारांना लावले असतील तर अर्धं काम वाया. दोन फिरक्यांमध्ये पाच ते दहा मीटर अंतर ठीक, पण एका गाळ्यात (म्हणजे दोन टॉवरच्या मध्ये) चार लावून फोटो काढला असेल तर ते फोटोपुरतंच. मधला भाग, जिथं तार झोळ खाते आणि पक्षी बहुतेक तिथूनच जातात, तो मोकळा सोडायचा नाही. आणि मराठवाड्याचं ऊन, प्लास्टिक तडकतं, पाटीचा फिरता भाग गळून पडतो, नुसता चिमटा तारेवर राहतो. लावल्यावर दर दोन-तीन वर्षांनी कुणी बघायला येणार का हे टेंडरमध्येच लिहिलेलं असायला हवं. आता ड्रोननं चालू लाईनवरही मार्कर बसवता येतात, त्यामुळं शटडाऊन मिळत नाही ही सबब तेवढी चालत नाही.

रात्रीच्या पक्ष्यांसाठी एक भारी प्रकार अमेरिकेत झालाय. नेब्रास्कात प्लॅट नदीवर करकोचे लाखांनी उतरतात, तिथल्या रो अभयारण्यात लाईनच्या टॉवरवरून तारांवर अतिनील प्रकाशाचे दिवे सोडले, माणसाला तो जवळजवळ दिसत नाही पण पक्ष्यांना तार उजळलेली दिसते. धडका ९८ टक्क्यांनी घटल्या. एकाच जागेचा प्रयोग आहे, लगेच डोक्यावर घेऊ नका, पण रोहित (फ्लेमिंगो) रात्रीचे उडतात आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी असलं काही करून बघायला नाथसागरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ जमिनीखालून का नेत नाहीत तारा? — लातूर

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. माळढोक देशात दीडशेच्या आसपास उरला, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं, आणि तिथंच सोलर आणि पवनचक्क्यांच्या लाईनी. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथल्या ४,२०० चौरस किलोमीटर पट्ट्यात तारांमुळं वर्षाला साधारण ८४,००० पक्षी मरतात असा अंदाज काढला होता, माळढोक नाही हां, सगळे मिळून. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह आणि इतरांच्या याचिकेवर एप्रिल २०२१ मध्ये कोर्टानं माळढोकाच्या भागात तारा जमिनीखाली घ्या, तोवर मार्कर लावा असं सांगितलं. मग सरकार म्हणालं एवढ्या मोठ्या भागात, सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर, जास्त दाबाच्या लाईनी खाली घालणं जमणारं नाही आणि सोलरचं टार्गेट बुडेल. मार्च २०२४ मध्ये कोर्टानं तो सरसकट आदेश मागं घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. मधल्या काळात २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आले: माळढोकाच्या भागात ३३ केव्ही आणि त्याखालची नवी लाईन जमिनीखालून, त्यावरची ओव्हरहेड चालेल पण मार्करसकट.

या नियमात एक शहाणपण आहे ते आपल्यालाही घेता येईल. ११ आणि ३३ केव्हीची केबल जमिनीत घालणं महाग आहे पण जमतं, शहरात घालतातच की. २२०, ४०० केव्हीचं मात्र खर्चाचं गणित कैकपट होतं आणि बिघाड झाला तर शोधण्यात दिवस जातात. वर आपलं काळं रान, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात हातभर भेगा, केबलच्या जॉइंटला ते मानवत नाही. तेव्हा सगळ्या मराठवाड्यात तारा खाली घाला असं म्हणण्यात अर्थ नाही, पण तळ्याच्या काठानं जाणारी दोन-तीन किलोमीटरची ३३ केव्ही लाईन खाली घाला, हे म्हणण्यात आहे.

राजस्थानातही सुरुवात छोटीच होती, २०२० मध्ये पोखरणकडं चाचा ते धोलिया गावांच्या भागात साधारण साडेसहा किलोमीटर लाईन निवडून रात्री चमकणारे मार्कर लावले. आपण कुठं मरतात ते आधी शोधून तेवढेच गाळे पकडायचे, यातच सगळं आलं.

प्रश्न: आम्ही माजलगाव धरणाकडचे. पक्षी मरतात म्हणून एका ऑफिसात गेलो, ते म्हणाले लाईन आमची नाही. दुसऱ्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले पुरावा काय. आता काय करायचं?

दोघांचंही बोलणं चीड आणणारं आहे, पण दोघांच्याही प्रश्नाला उत्तर घेऊनच जायला हवं.

लाईन कुणाची ते असं ओळखा. ३३ केव्ही आणि त्याखालची गावातली-शेतातली लाईन बहुतेक महावितरणची. त्यावरच्या टॉवरलाईनी महापारेषणच्या, काही पॉवरग्रिडच्या किंवा खासगी. आणि पवनचक्की, सोलरपासून सबस्टेशनपर्यंत गेलेली ३३ केव्ही बऱ्याचदा त्या कंपनीचीच असते, तिथं महावितरणच्या दारात बसून उपयोग नाही. प्रत्येक टॉवरवर पाटी असते, लाईनचं नाव, व्होल्टेज, टॉवर नंबर. फोटो काढा, झालं.

पुरावा गोळा करायला एक हिवाळा द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धरणाच्या बाजूचे आठ-दहा गाळे ठरवून घ्या आणि आठवड्यातनं एकदा पहाटे त्याखालनं चाला, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मीटर. पहाटेच, कारण उशीर केला की कुत्री, कोल्हे ओढून नेतात आणि तुम्हाला चार पिसं तेवढी दिसतात. पिसं दिसली तरी लिहा. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा, हे लोक हमखास विसरतात, पण "या चार गाळ्यांत काही नाही आणि या दोन गाळ्यांत दर आठवड्याला" हे कळल्याशिवाय कुठं मार्कर लावायचे ते ठरणार कसं. एक ध्यानात ठेवा, उसात आणि तुरीत पडलेला पक्षी सापडत नाही, म्हणून हरभऱ्याच्या रानात जास्त मरतात असं वाटू शकतं. प्रत्येक फोटोत शक्य असेल तर मागं टॉवर दिसू द्या, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. पक्षी घरी न्यायचा नाही, पिसंसुद्धा नाही, मोर असला तर अजिबातच नाही, वनरक्षकाला फोन करून पंचनामा करून घ्या. पंचनाम्याची एक कॉपी दहा अर्जांच्या बरोबरीची असते.

मग अर्ज. कार्यकारी अभियंत्याच्या नावानं, प्रत विभागीय वन अधिकाऱ्याला. अर्ज एका पानाचा ठेवा: लाईनचं नाव, कोणत्या टॉवरपासून कोणत्या टॉवरपर्यंत, किती पक्षी कोणत्या तारखांना, आणि मागणी एकच, या एवढ्या गाळ्यांच्या अर्थ वायरला मार्कर लावा. "पक्षी वाचवा" असं मोघम लिहिलं की कागद फायलीत जातो. टॉवर नंबर लिहिले की अभियंत्याला एस्टिमेट करता येतं, आणि सरकारी कामात एस्टिमेट झालं म्हणजे निम्मं काम झालं. मोठा पक्षी आदळून लाईन ट्रिप झाली असेल तर ती तारीख आवर्जून टाका, तिथं त्यांचंही नुकसान असतं.

प्रश्न: जखमी पक्षी सापडला तर?

खोक्यात ठेवा, भोकं पाडलेलं, अंधारात, गर्दीपासून लांब. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. करकोच्याची चोच डोळ्यावर येते, आधी अंगावर चादर टाका. वनखात्याची हेल्पलाईन १९२६. पक्षी तारेत लटकलेला असेल तर कुणीही काठी घेऊन जायचं नाही, महावितरणच्या १९१२ वर फोन.

प्रश्न: आमच्याकडं (भूम) पवनचक्क्यांची नवी लाईन येतीय, सर्व्हे चालू आहे, पाझर तलावाच्या कडेनं जाणार असं कळलं. विरोध करावा का?

लाईनीला विरोध करून हाती काही लागत नाही, तिच्या वाटेला करा. आणि आत्ता करा, खुंट्या ठोकायच्या आधी, कारण एकदा टॉवरचा पाया भरला की ती लाईन पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथून हलत नाही.

काय मागायचं ते सांगतो. पक्षी रात्री कुठं थांबतात आणि दिवसा कुठं चरतात याच्या मध्ये लाईन नको, ती तलावाच्या ज्या बाजूला चराईचं रान नाही त्या बाजूनं न्या. जुनी लाईन जवळून जात असेल तर नवी तिला चिकटूनच समांतर न्या, दोन वेगळे अडथळे करण्यापेक्षा एकच मोठा अडथळा पक्ष्याला लवकर दिसतो, एकदाच वर उचलून ओलांडता येतो. तारा एकावर एक मांडण्यापेक्षा आडव्या एका पातळीत, म्हणजे आभाळातली भिंत बुटकी होते. मोठ्या झाडांची रांग असेल तर तिच्या आडोशानं, पक्षी झाडावरून जाताना तारेवरूनही जातोच. आणि तलावाजवळच्या गाळ्यांना पहिल्या दिवसापासून मार्कर, तार ओढतानाच खाली जमिनीवर बसवता येतात, नंतर लावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तुमचा भाग माळरानाचा आहे, नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा माळावरून जाणाऱ्या ३३ केव्हीच्या तुकड्यासाठी केबलचीच मागणी लावून धरा. ग्रामसभेचा ठराव करून घ्या, त्याला गट नंबर टाकलेला हातानं काढलेला नकाशा जोडा, त्यात थवे कुठून कुठं जातात ते बाणानं दाखवा, गुराख्यांना विचारलं की ते अचूक सांगतात. ठराव कंपनीला, महापारेषणला आणि वनखात्याला एकाच दिवशी पोचवा आणि पोच घ्या. सर्व्हेवाला माणूस गावात आला की त्याला चहाला बोलवून तोच नकाशा दाखवा, कागदावर दोन खुंट्या सरकवणं अजून त्याच्याच हातात असतं.